डोंगरावर आपण कोण?

दिवाळीची सुट्टी लागली की डिंडोली, उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतल्या मराठी वस्त्यांतून दोन प्रकारची माणसे बाहेर पडतात. एक, तापी लाइनच्या गाडीने नंदुरबार-धुळे-जळगावकडे 'गावी' जाणारी. आणि दुसरी, गेल्या काही वर्षांत वाढत चाललेली, भाऊबीज आटोपून दोन दिवस सापुताऱ्याला जाऊन येणारी. पहिल्या प्रवासाचे कारण कोणी विचारत नाही. गाव म्हणजे गाव! दुसऱ्या प्रवासाचे कारण मात्र घरातली म्हातारी माणसे हटकून विचारतात, "तठे काय ठेयेल शे?" आपण 'हवापालट' असे काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेतो आणि गाडीत बसतो.

माझ्या मते हा प्रश्न टोलवण्यासारखा नाही. डोंगरावर मौज करायला जाणे योग्य आहे काय? आणि योग्य असेल, तर तिथे आपण कोणत्या नात्याने जातो? मौजेतही नीतीचा प्रश्न शोधणारा हा मास्तर कोण, असे काही वाचकांना वाटेल. परंतु माणसाची खरी परीक्षा कामापेक्षा फुरसतीत होते. कामावर शेठ असतो, वेळ असते, नियम असतो. फुरसतीत कोणीच नसते. तिथे माणूस स्वतःच्या मर्जीने वागतो आणि म्हणून जसा आहे तसा दिसतो.

आधी म्हाताऱ्यांची बाजू ऐकू. खानदेशातून सुरतेला आलेल्या पहिल्या पिढीने मौज अशी केलीच नाही. लूमच्या खात्यात बारा-बारा तासांची पाळी, भाड्याची खोली, गावी पाठवायचे पैसे. या हिशेबात डोंगर कुठे बसणार? शाळेची सहल निघाली की आजही एखादा पालक विचारतो, "सर, डोंगर पाहून पोट भरतं का?" प्रश्न खोचक असला तरी प्रामाणिक आहे. ज्याने एकेक ताका मोजून संसार उभा केला, त्याला नुसते पाहण्यासाठी पैसे खर्चणे ही उधळपट्टी वाटणारच.

पण याच पिढीला डोंगर ठाऊक नव्हता असे मात्र नाही. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघणाऱ्या लोकांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पायांना फोड येतात, ऊन डोक्यावर असते, तरी वाटेत गाणी असतात, थट्टा असते, झाडाखाली सोडलेल्या भाकरीची चव असते. गड दिसला की जो आनंद होतो तो केवळ भक्तीचा म्हणावा की डोंगराचाही? दोन्ही एकमेकांत इतके मिसळलेले की वेगळे काढू नयेत हेच बरे. थोडक्यात, आपल्या वाडवडिलांनी मौज केली. फक्त तिला देवाचे नाव दिले. नवस फेडायचा म्हटले की चार दिवस काम सोडता येत होते. आज नवसाशिवाय डोंगर चढायचा म्हटले की आपल्यालाच ओशाळल्यासारखे होते.

ओशाळण्याचे कारण नाही. गीतेने योग्याला आहाराइतकाच विहारही नेमस्त असावा असे सांगितले. विहार सोडून दे असे सांगितले नाही. १९४८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जो जाहीरनामा केला, त्याच्या २४ व्या कलमात विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येक माणसाचा हक्क मानला आहे. त्याच वर्षी आपल्याकडे फॅक्टरी कायदा झाला आणि कारखान्यातल्या कामगाराची साप्ताहिक सुट्टी त्याने कायद्यात बांधली. म्हणजे फुरसत ही कोणाची मेहेरबानी नाही. लूमच्या खात्यात यंत्रांच्या खडखडाटामुळे माणसे हातवाऱ्यांनी बोलतात. अशा माणसाला वर्षातून दोन दिवस तरी पान पडल्याचा आवाज ऐकू यावा, हे मागणे काही चैनीचे नाही. आणि या बाबतीत आपल्या दोन्ही भाषांना जोडणारे एक नावही आठवावे. साताऱ्यात जन्मलेल्या मराठी मातृभाषेच्या काका कालेलकरांनी आपला हिमालयाचा प्रवास गुजरातीत लिहिला आणि गुजराती वाचकांना डोंगराची ओढ लावली. डोंगर पाहणे ही विद्याही असू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे: जावे, अवश्य जावे. मुलांना घेऊन जावे.

अडचण दुसऱ्या प्रश्नाशी सुरू होते.

सापुताऱ्याला तुम्ही बारडोली-व्यारामार्गे जा किंवा चिखली-वांसदामार्गे. दिवाळीनंतरच्या त्या दिवसांत रस्त्यावर समोरून येणारी वाहने जरा लक्ष देऊन पाहा. ट्रक आणि टेम्पोंत माणसे दाटीवाटीने बसलेली असतात. सोबत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लहान मुले. ही डांगातली आणि आपल्याच खानदेशाच्या साक्री-नवापूरकडची माणसे ऊसतोडीला खाली उतरत असतात. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांचा हंगाम साधारण याच सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीच्या परिसरातल्या या कोयतेकऱ्यांचा कित्येक वर्षे अभ्यास करून लिहिले आहे: उचल घेऊन बांधले गेलेले नवराबायको, रात्रीअपरात्री भरावी लागणारी गाडी, शेताच्या कडेला उभारलेली झोपडी. आपण मौजेसाठी डोंगर चढतो त्याच आठवड्यांत डोंगरावरची माणसे पोटासाठी डोंगर उतरतात. दोन्ही वाहने एकाच वळणावर एकमेकांना बाजू देतात आणि पुढे जातात.

ॲरिस्टॉटलने फार पूर्वी म्हटले की माणूस कष्ट करतो ते अखेर फुरसतीसाठी, आणि खरे माणूसपण फुरसतीतच फुलते. विचार मोठा आहे. पण त्याच्या अथेन्समध्ये ही फुरसत नागरिकांना मिळत होती ती गुलामांच्या श्रमावर, आणि त्या तत्त्ववेत्त्याने गुलामगिरीचेही समर्थन केले. इतक्या मोठ्या बुद्धीलाही आपल्या फुरसतीचा भार कोणाच्या खांद्यावर आहे हे दिसले नाही. किंवा दिसूनही खटकले नाही. तिथे आपली काय कथा!

थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास याच जातीचा आहे. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस पडले म्हणून ते 'सापडले' असे आपण मुलांना शिकवतो. जणू त्याआधी तिथे माणूस कधी फिरकलाच नव्हता! माथेरानात मोटारींना बंदी घातली गेली, ती योग्यच. परंतु त्यामुळे ज्यांना चालवत नाही वा चालायचे नाही, त्यांना माणसे हातरिक्षात बसवून ओढू लागली. लाल मातीच्या चढावर माणसाने माणसाला ओढण्याचा हा प्रकार थांबायला २०२५ चा ऑगस्ट उजाडावा लागला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद कराव्यात असा आदेश दिला, ओढणाऱ्यांच्या पोटाची सोय म्हणून ई-रिक्षांची योजना करायला सांगितले आणि त्यासाठी आपल्या गुजरातमधल्या केवडियाचा दाखला दिला. स्वच्छ हवा खायला गेलेल्या कितीतरी सज्जन कुटुंबांनी त्या रिक्षात बसून फोटो काढले असतील. ती माणसे दुष्ट नव्हती. भाडे दिले की हिशेब मिटला, एवढेच त्यांना वाटत होते.

सापुतारा तर आपल्या दाराशी आहे. हजार मीटरच्या आसपास उंचीचे, गुजरातचे एकमेव थंड हवेचे ठिकाण म्हणून ते सरकारने वसवले. तलाव झाला, बागा झाल्या, रोपवे झाला, पावसाळी उत्सव सुरू झाला. ज्या पठारावर हे झाले तिथली आदिवासी कुटुंबे हलवून शेजारी बसवली गेली. त्या वस्तीचे नाव नवागाम. त्यांच्या पायाखालच्या जमिनीच्या हक्काचा प्रश्न कित्येक वर्षे रेंगाळला. डिंडोलीकर वाचकांना हे नाव वाचून थबकायला होईल, कारण आपल्या डिंडोलीला लागूनही एक नवागाम आहे. नवागाम हे नाव कुठेही असो, त्याच्या मागे एक जुने गाव असते, सोडलेले किंवा सोडवलेले. आपण आपले जुने गाव पोटासाठी सोडले. त्यांनी ते सोडले ते आपल्यासारख्यांना सूर्यास्त पाहता यावा म्हणून. हा फरक छोटा नाही.

मग जाऊच नये का? काही तरुण मंडळी असे म्हणतात. मला ते पटत नाही. आपण न गेल्याने कोणाची जमीन परत मिळणार नाही. उलट नागलीचे पापड आणि बांबूच्या टोपल्या विकणाऱ्या बाईचा तेवढा गल्ला बुडेल. शिवाय, लूमवरच्या माणसाने डोंगराचा आनंद सोडावा आणि मोटारवाल्याने मात्र लुटावा, यात न्याय कुठला? दुसरे उत्तर व्यवहाराचे: आम्ही पैसे मोजतो, धंदा देतो, झाले. तेही अपुरे आहे. पैशाने वस्तूची किंमत चुकते, माणसाची ओळख होत नाही. पैसे दिले की विषय संपला असे समजणारा तो ग्राहक. मला वाटते, डोंगरावर आपण पाहुणे म्हणून जावे.

पाहुणा आणि ग्राहक यांतला भेद आपल्या घरातल्या मुलालाही कळतो. पाहुणा यजमानाचे नाव विचारतो. त्याच्या घरात ओरडत नाही, गाणी लावून शेजार उठवत नाही, ताटात टाकत नाही, अंगणात कचरा करत नाही. गिरा धबधब्याच्या काठी किंवा घाटाच्या वळणावर आपली मंडळी जे टाकून येतात, ते आत्याच्या दारात टाकतील काय? मार्गशीर्षात डांग, सुरगाणा, कळवण, साक्री या पट्ट्यात आदिवासी बांधव डोंगऱ्या देवाचा उत्सव करतात. दिवसचे दिवस व्रतस्थ राहून, पावरीच्या सुरावर नाचून, पौर्णिमेला माउल्या डोंगराशी जातात. आनंद त्यातही आहे, नाच आहे, रात्रभर जागणे आहे. पण डोंगर त्यांना घरातला वडीलधारा वाटतो. आपल्याला तो पाहण्याचा एक 'पॉइंट' वाटतो. त्यांचे व्रत आपण उचलावे असे मी म्हणत नाही. वडीलधाऱ्यासमोर बसण्याची रीत तेवढी उचलावी.

भाषेचेही असेच. १ मे १९६० रोजी मुंबई राज्य विभागले गेले, डांग गुजरातेत गेला, आणि डांगी बोली मराठीची की गुजरातीची यावर पुष्कळ शाई सांडली. वाद विद्वानांचा; बोलणाऱ्यांना त्याचे सोयरसुतक नाही. ती बोली आपल्या अहिराणीच्या इतकी जवळची आहे की आपल्या आजीला ती दुभाष्याशिवाय कळते. पण होते काय, तर डिंडोलीचे मराठी कुटुंब सापुताऱ्याच्या टपरीवर मक्याच्या कणसाचा भाव हिंदीत विचारते, आणि ती बाईही हिंदीत सांगते. दोघांच्याही घरात जी बोली आहे ती दोघेही लपवतात. आपण शहरी झालो हे कोणाला दाखवायचे असते? एकदा अहिराणीत विचारून पाहावे. भाव कदाचित उतरणार नाही. पण बाई मान वर करून बघेल.

आणि पाहुण्याचे शेवटचे कर्तव्य सर्वांत अवघड: तो परत बोलावतो. ज्याच्या घरी जेवलो त्याला आपल्या घरी कधीतरी पाट मांडावा लागतो. डोंगरावरची माणसे तर न बोलावताच दरवर्षी आपल्याकडे येतात. ऊसतोडीच्या झोपड्या सुरत जिल्ह्यात जागोजाग असतात, कडियाकामाला आलेली डांगी कुटुंबे शहरातच राहतात. तेव्हा आपण यजमान असतो. त्यांच्या मुलांची शाळा सहा-सहा महिने तुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही, दाखला हातात नसला तरी, शाळेत घ्यावे असे सांगितले आहे. कायदा दार उघडतो. आत बाकावर सरकून जागा देणे हे मात्र आपल्या मुलांचे काम आहे, आणि ती ते घरात ऐकतील तसे करतील. "त्यांच्याजवळ बसू नको" असे ज्या घरात सांगितले जाते, त्या घराने सापुताऱ्याच्या हवेचे कितीही कौतुक केले तरी व्यर्थ आहे. आपणही या शहरात बाहेरून आलो. भाषा अडखळत होती, तेव्हा कोणी सरकून जागा दिली म्हणून आज आपली मुले इथे शिकत आहेत, याचा विसर पडू नये.

फुरसतीचा हक्क सर्वांचा असेल, तर तो डोंगराच्या पोरांचाही आहे. तलावाकाठी कणसे भाजणाऱ्या मुलीलाही कधी नुसते बसून पाणी पाहावेसे वाटत असेल. तिला ते मिळेपर्यंत आपली मौज अर्धी उधारीची आहे, एवढे भान ठेवून ती जरूर करावी. उधारी म्हणजे पाप नव्हे. खानदेशी माणसाला उधारी नवी नाही. फक्त ती वहीत लिहून ठेवावी लागते आणि जमेल तशी फेडावी लागते.

यंदा भाऊबीजेनंतर सापुताऱ्याला निघाल तेव्हा म्हाताऱ्या आईलाही बरोबर घ्या. ती टपरीवरच्या बाईशी आपणहून बोलू लागेल, आणि तिथे काय ठेवले आहे, याचे उत्तर तुमच्या आधी तिलाच सापडेल.