धर्मबाह्य कोणास म्हणावे : सोमाली दरवेशांच्या लढ्यातील एक प्रश्न

सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन यांनी १८९९ साली ब्रिटिशांविरुद्ध पुकारलेला आणि १९२० पर्यंत चाललेला दरवेशांचा लढा बहुधा वसाहतविरोधाच्या अंगाने अभ्यासला जातो, आणि त्यामुळे त्याच्या गाभ्याशी असलेला धर्मशास्त्रीय प्रश्न बाजूला पडतो. परकीय सत्तेशी झगडणाऱ्या पुढाऱ्यास, आपल्या झेंड्याखाली न येणाऱ्या स्वधर्मीयांना काफिर ठरविण्याचा अधिकार पोचतो काय, हा तो प्रश्न होय.

सोमाली पशुपालकांत मध्यवर्ती राजसत्ता नव्हती. माणसाच्या जिवाची हमी त्याचे कूळ घेई, आणि एखाद्याचा खून झाल्यास मारेकऱ्याच्या भाऊबंदांनी सामायिकपणे ‘दिया’, म्हणजे खुनाची भरपाई, द्यावी असा दंडक होता. पुरुषाच्या जिवाची भरपाई शंभर उंट धरली जाई. सय्यद पित्याकडून ओगादेन आणि मातेकडून धुलबहान्ते कुळाचे होते. मक्केत मोहम्मद सालिह यांच्याकडून सालिहिया या सूफी तरीक्याची (गुरुपरंपरेची) दीक्षा घेऊन परतल्यावर त्यांनी ‘दरवेश’ ही कुळांपलीकडची ओळख उभी केली, आणि तिचे मोल कमी लेखता येत नाही. मात्र कुळाची ओळख पुसताना तिच्याबरोबरची हमीही सैल होत होती.

धुलबहान्तेंचे प्रमुख गराड अली यांच्या हत्येत याचे परिणाम दिसून येतात. ‘गराड’ हे वंशपरंपरेने चालणारे कुलप्रमुखाचे पद; त्या पदावरील माणसाने सय्यदांचे वर्चस्व मानण्यास नकार दिला, तेव्हा सय्यदांच्या माणसांनी त्यांना ठार केले, आणि या वार्तेने हादरलेल्या अनेक अनुयायांनी सय्यदांची साथ सोडली. मृत व्यक्ती श्रद्धावंत मानली तर तिच्या रक्ताचा हिशेब द्यावा लागतो, काफिर मानली तर लागत नाही. म्हणजे ‘काफिर’ हा शब्द येथे निव्वळ निर्भर्त्सना न राहता निवाड्याचे काम करतो, आणि निवाडा देणारा स्वतःच फिर्यादी असतो.

सय्यदांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. १८८० च्या दशकात अनेक कुळांनी ब्रिटिशांशी संरक्षणाचे करार केले होते, आणि बर्बेरा बंदरात ख्रिस्ती मिशनही आले होते. अशा वेळी शत्रूला उंट आणि वाटाडे पुरविणाऱ्याची नमाज त्याला मुसलमान ठरविण्यास पुरेशी आहे काय, असे विचारणे शक्य होते. तथापि हा वाद इस्लामच्या पहिल्या शतकाइतका जुना आहे. महापाप करणारा धर्माबाहेर जातो, असे खारिजी पंथ म्हणे. सुन्नी परंपरेने ते नाकारले आणि पापी हा पापीच, पण मुसलमान, अशी भूमिका घेतली. शाफिई या सुन्नी विधिपरंपरेत वाढलेले सय्यद व्यवहारात खारिजींच्या फार जवळ गेले, असेच म्हणावे लागते.

१९०९ मध्ये हा प्रश्न परंपरेच्या आतूनच समोर आला. संतांच्या मध्यस्थीने ईश्वराकडे मागणे मागता येते, असे मानणारे कादिरिया तरीक्याचे शेख उवैस अल्-बरावी हे त्या वर्षी दरवेशांच्या हातून मारले गेले. त्यांच्या बाबतीत तर परकीयांशी हातमिळवणीचा प्रश्न मुख्य नव्हता, वाद उपासनेच्या रीतीचा होता. त्याच वर्षी खुद्द मोहम्मद सालिह यांचे शिष्याच्या वर्तनाचा धिक्कार करणारे पत्र आले. ब्रिटिशांनी त्याचा प्रचारासाठी वापर केला हे खरे, पण त्यामुळे गुरूच्या आक्षेपाचे वजन कमी होत नाही. ज्या दीक्षेच्या बळावर सय्यद बोलत होते, ती देणाराच विरोधात गेला तरी त्यांनी माघार घेतली नाही; अधिकाराचा उगम आता गुरुपरंपरेत उरला नसून तो लढ्याच्या यशात शोधला जात होता.

१९१० मध्ये ब्रिटिश आपल्या मित्रकुळांच्या हाती शस्त्रे देऊन किनाऱ्यावर सरकले. त्यानंतरच्या काही वर्षांत अंतर्भागात सोमालींनीच सोमालींना इतक्या मोठ्या संख्येने मारले की, त्या रक्ताची भरपाई कोणी कोणाला द्यावयाची, हे ठरविणारी कुळांची जुनी घडीच विस्कटून गेली होती.