पत्ता उघडा ठेवावा कीं झांकावा ?

आपला पत्ता दुसऱ्यास सांगणें ही वरवर पाहतां क्षुल्लक गोष्ट. परंतु तिच्या मुळाशीं एक विश्वास असतो. ज्याचें कांहीं काम असेल त्यानें यावें, असें पत्ता देणारा न बोलतां सांगत असतो. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालीं निघालें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं. अशा संस्था दारावर पाटी लावतात ती वाचकांनीं, लेखकांनीं व देणगीदारांनीं वाट न चुकतां यावें म्हणून. हल्लीं संस्थांची दुसरी पाटी संकेतस्थळावर असते आणि तीवर ई-मेलचा पत्ता असतो. ही पाटी माणसांप्रमाणें यंत्रेंहि वाचतात. म्हणून ती उघडी ठेवावी कीं झांकावी, हा प्रश्न ठाणें, कल्याण, डोंबिवलीच्या लहानमोठ्या मंडळांपुढें येऊन ठेपला आहे. तो केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तो नीतीचाहि आहे.

पत्ते वेंचण्यासाठीं लिहिलेल्या आज्ञावली एका पानावरून दुसऱ्या पानावर अखंड फिरत असतात. पानावरील मजकुराशीं त्यांस कर्तव्य नसतें. ई-मेलच्या पत्त्यांतील तें परिचित वाटोळें चिन्ह दिसलें कीं त्याच्या मागचीं-पुढचीं अक्षरें उचलून त्या यादींत टाकतात; पुढें त्या याद्या विकल्या जातात आणि नकोशा व फसव्या पत्रांचा वर्षाव सुरू होतो. १९७८ सालीं अमेरिकेंतील एका संगणक-कंपनीच्या माणसानें सुमारें चारशें लोकांस एकदम जाहिरात धाडली, तेव्हांपासून ही परंपरा चालत आली आहे. तिचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. डोंबिवलीच्या दुकानदारास टपालानें जाहिरात पाठवावयाची तर दर घरामागें तिकीट लावावें लागतें. म्हणून कोणास पाठवावें याचा तो विचार करतो. ई-मेलला शंभर पत्रांचा व लाख पत्रांचा खर्च जवळजवळ सारखाच. लाखांत दोघे फसले तरी व्यवहार पुरतो. खर्चाचा लगाम सुटला, आणि त्याबरोबर संकोचहि सुटला.

यावर कोणी म्हणेल, ज्यानें आपला पत्ता चव्हाट्यावर मांडला त्यानें मग तक्रार कां करावी ? व्यक्तीनें स्वतः जाहीर केलेल्या वैयक्तिक माहितीस २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाहि लागू होत नाहीं. परंतु कायद्यानें हात आखडता घेतला म्हणजे नीतीनें परवानगी दिली असें होत नाहीं. वाटसरूंसाठीं पाणपोई घातली, म्हणून तिच्यांतील पाणी टांकीनें भरून नेऊन विकावयाची मुभा कोणास मिळत नाहीं. संमति ही नेहमीं कशासाठीं तरी दिलेली असते. तो हेतु सोडून केलेला उपयोग हा संमतीचा भंगच होय.

मग कठोर कायदा करावा काय ? तोहि प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें जें ६६-अ कलम आलें, त्यांत त्रास देणाऱ्या अथवा प्रेषक कोण याविषयीं फसविणाऱ्या ई-मेललाहि शिक्षा सांगितली होती. परंतु नोव्हेंबर २०१२ मध्यें, त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांतच असलेल्या पालघर येथें, फेसबुकवरील एका अभिप्रायावरून दोन तरुणींस अटक झाली, तेव्हां हेंच कलम लावण्यांत आलें. पुढें २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें घटनाबाह्य ठरविलें. जाळें अतिशय पसरट विणलें कीं त्यांत निरपराधी सांपडतो, आणि ज्याच्यासाठीं तें विणलें तो निसटतो.

पत्ता झांकण्याच्या युक्त्यांसहि हीच कसोटी लावावी. अनेक सरकारी संकेतस्थळांवर तें चिन्ह व टिंब यांच्या जागीं कंसांत 'ॲट' व 'डॉट' असे शब्द घालतात. ही चाल यंत्रास शिकविणें सोपें. पण ई-मेलशीं नुकता परिचय झालेला वृद्ध तीं अक्षरें जशींच्या तशीं उतरतो आणि त्याचें पत्र पोहोंचत नाहीं. कोणी पत्त्याचें चित्र करून लावतात. तें अंध वाचकाच्या, मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस अक्षरांप्रमाणें वाचतां येत नाहीं. कोणी पत्ताच काढून टाकतात. गृहसंकुलाच्या फाटकावर पाहुण्याची नोंदवही भरून घ्यावी आणि चोरानें मागची भिंत चढून जावें, तसा हा प्रकार होतो. कुलूप किती मजबूत हें पाहण्यापूर्वीं तें कोणास अडवितें हें पाहावें.

आमच्या मतें येथें दोन गोष्टी निराळ्या केल्या पाहिजेत. खासगी माणसानें आपला पत्ता खुशाल लपवावा. त्याचें दार त्याचें आहे. परंतु जी संस्था लोकांसाठीं आहे, तिला दुर्लभ होण्याचा अधिकार नाहीं. सरकारी कार्यालयांनीं आपल्या माहिती अधिकाऱ्यांचा तपशील आपण होऊन प्रसिद्ध करावा, असें २००५ चा माहिती अधिकार कायदा सांगतो, तो याच तत्त्वावर. म्हणून अशा संस्थेनें निदान एक पत्ता उघडा ठेवावा. तो व्यक्तीचा नसून पदाचा असावा. वाचकास पत्ता नेहमींसारखाच दिसावा, मात्र पानाच्या मूळ लिखाणांत तो तुकड्यांनीं असून उघडतांना जोडला जावा, अशी सोय करतां येते. तिनें सगळीं नाहीं तरी साधीं यंत्रें फसतात. त्यांतूनहि जो केरकचरा येईल, तो गाळण्याचे श्रम संस्थेनें सोसावे, आगंतुकावर लादूं नयेत.

याउलट सभासदांचे पत्ते ही संस्थेजवळची ठेव आहे. अनेक गृहसंस्था व माजी विद्यार्थ्यांचीं मंडळें केवळ सोयीसाठीं त्यांच्या संपूर्ण याद्या प्रसिद्ध करतात. ज्याची संमति नाहीं त्याचें दार आपण उघडून देणें हें औदार्य नव्हे. स्वतःच्या पत्त्याविषयीं उदार असावें आणि दुसऱ्याच्या पत्त्याविषयीं कृपण. सार्वजनिक कार्य करणाऱ्यानें एवढा विवेक राखला, तर यंत्रांचा उपद्रव संपला नाहीं तरी माणसांचा एकमेकांवरील विश्वास तरी त्यापायीं आटणार नाहीं.