पर्याय कुणाचा, जोखीम कुणाची?

गाजरगवत म्हणजे काय, हे यवतमाळच्या कास्तकाराला सांगावं लागत नाही. धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, ओसाड अंगणात ते उगवतंच. अंगाला लागलं की खाज सुटते, परागकण नाकात गेले की शिंका आणि दमा. त्याचं शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. या तणाची एक सख्खी बहीण आहे, पार्थेनियम अर्जेंटेटम ऊर्फ ग्वायुले. मेक्सिकोच्या उत्तरेला आणि टेक्सासच्या वाळवंटात वाढणारं हे राखाडी झुडूप. त्याच्या सालीत रबर असतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात तोच प्रश्न आला, जो कोरडवाहू मुलखात वाढलेल्या कुणाच्याही मनात येईल: मग हे आपल्याकडे का नाही?

जगाला ग्वायुले का हवं, हे समजण्यासारखं आहे. बाजारात येणारं जवळपास सगळं नैसर्गिक रबर हेविया या एकाच झाडाचं, आणि त्यातलं बहुतेक आग्नेय आशियातलं. हे झाड मूळचं ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. पण पानांवर पडणाऱ्या एका बुरशीमुळे तिथे त्याच्या मोठ्या बागा टिकल्या नाहीत. उद्या ती बुरशी आशियात पोचली तर? विमानाच्या टायरला आजही नैसर्गिक रबर लागतं. त्यामुळे ब्रिजस्टोनसारखी कंपनी ॲरिझोनात ग्वायुलेवर संशोधन करते, २०१५ साली त्याच्या रबराचे टायर बनवून दाखवते, यात काही गैर नाही. शहाणा माणूस एकाच विहिरीच्या भरवशावर राहत नाही.

प्रश्न ‘पर्याय’ या शब्दापाशी सुरू होतो. ग्वायुले कंपनीसाठी पर्याय आहे, म्हणजे मुख्य सोय बिघडली तर हाताशी असलेली दुसरी सोय. पण चार एकरांच्या शेतकऱ्याने ते लावलं, तर त्याच्यासाठी ते पर्याय उरत नाही. त्याचं सगळं वावर त्यात गेलेलं असतं. हेवियासारखी चीर देऊन याचा चीक गोळा करता येत नाही. झुडूप कापून, दळून रबर काढावं लागतं, आणि पहिल्या कापणीलाच साधारण दोन वर्षं लागतात. एकाची सावधगिरी ती दुसऱ्याचा जुगार होते.

हे आधी घडून गेलेलं आहे. १९४२ साली जपानने मलाया आणि इंडोनेशिया घेतल्यावर अमेरिकेचा रबरपुरवठा तुटला. सरकारने घाईने ग्वायुलेची लागवड सुरू केली. त्या काळात मॅन्झनारच्या छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांनीही, ज्यांना देशाने शत्रू ठरवलं होतं, त्याच देशासाठी या झुडपावर उत्तम संशोधन केलं. युद्ध संपलं, आशियातलं रबर परत मिळू लागलं, कृत्रिम रबरही आलं होतं. उभी शेतं नांगरून, जाळून टाकली. मात्र त्यातली बरीच जमीन सरकारने भाड्याने घेतलेली होती. पीक जळालं तरी जमीनमालकाचं घर बुडालं नाही. नुकसान ज्याला रबर हवं होतं त्याचं झालं.

आपल्याकडे काय झालं ते आठवा. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनासाठी मोगली एरंडाची शिफारस केली. पडीक जमिनीत येतो, पाणी लागत नाही, जनावर तोंड लावत नाही, असं सांगितलं गेलं. येतो हे खरंच. पण कमी पाण्यावर जगणं वेगळं आणि कमी पाण्यावर भरपूर बिया देणं वेगळं. उत्पन्न कागदावरच्या आकड्यांच्या जवळही गेलं नाही. देशाचं धोरण पुढे सरकलं, रोपं लावणारा तिथेच राहिला.

यावर एक रास्त आक्षेप आहे: असं म्हणत बसलो तर नवं काहीच येणार नाही. सोयाबीनही विदर्भात परकंच होतं ना? होतं. पण सोयाबीन शंभरेक दिवसांत निकाल देतं आणि तेल गिरण्या खरेदीला उभ्या होत्या. फसलं तर एक हंगाम जात होता. चुकून पाहण्याची ऐपत शेतकऱ्याकडे तेवढीच असते. त्याला भित्रा किंवा जुनाट म्हणणाऱ्याने आधी आपला दोन वर्षांचा पगार पणाला लावून पाहावा.

शिवाय कोरडवाहू म्हणजे वाळवंट नव्हे. यवतमाळात वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत, आणि काळ्या जमिनीत पाणी तुंबतं. ग्वायुलेच्या मुळांना तुंबलेलं पाणी सोसत नाही. आपली अडचण पाणी कमी असण्याची जेवढी, तेवढीच ते भलत्या वेळी येण्याची आहे.

म्हणून मी संशोधनाच्या विरोधात नाही. प्रयोग व्हावेत, पण विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर किंवा रीतसर भाडं देऊन घेतलेल्या जमिनीवर. ज्याला पर्याय हवा, जोखीम त्याने घ्यावी. कापसाला निदान हमीभाव जाहीर होतो. ग्वायुलेला तोही नाही. उद्या कुणी रोपं घेऊन गावात आलं, तर झुडपाचे गुण ऐकून घ्यावेत आणि मग दोन गोष्टी लेखी मागाव्यात: तिसऱ्या वर्षी हे कोण विकत घेणार, आणि नाही घेतलं तर उपटायची मजुरी कोण देणार?