एक मूठ, रोजची



अन्नदान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भंडारा उभा राहतो. जबलपुरात नर्मदा जयंतीला ग्वारीघाटाच्या वाटेवर पंगती उठतात, त्या दिवशी कोणी उपाशी परतत नाही. पण पुढच्या मंगळवारचे काय? भूक पंचांग पाहून येत नाही. नेपियर टाउनसारख्या सुखवस्तू वस्तीतही धुणीभांडी करणाऱ्या ताई आहेत, रात्रभर फाटकाशी बसणारे काका आहेत. महिन्याच्या वीस तारखेनंतर त्यांच्या घरचा पिठाचा डबा खडखडू लागतो.

नर्मदामैयाच्या काठाने यावर फार पूर्वीच उपाय काढला आहे: सदावर्त. परिक्रमावासी दारी आला की त्याला पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा कोरडा शिधा द्यायचा. तो आपल्या हाताने शिजवून खातो. कमाई किती, असे त्याला कोणी विचारत नाही. घेणाऱ्याचा मान राखणारी ही रीत मला भंडाऱ्याहूनही मोठी वाटते. वस्तीतले शिधाघर म्हणजे हेच सदावर्त, फक्त यात्रेकरूऐवजी शेजाऱ्यासाठी.

ते चालवायला कोणी धनिक लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. पण दागिने एकदाच मोडता येतात. म्हणून गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य गोळा करणारा मुष्टिफंडही उभा राहिला.

मी वाणिज्य शाखेचा, हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. एक मूठ तांदूळ साधारण ५० ग्रॅम धरा. महिन्याला दीड किलो. ५० घरांचे ७५ किलो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. म्हणजे आपल्या मुठींतून १५ माणसांचा तेवढाच शिधा निघतो, आणि तुमच्या भातात काही कमी पडल्याचे कळतही नाही.

अडचण वेगळीच असते. तांदूळ-गहू सगळे देतात. तेल, डाळ, मीठ, साबण कोणी देत नाही. तेव्हा चार घरांनी मिळून एक वस्तू वाटून घ्यावी, किंवा ठरलेली रक्कम दरमहा ठरलेल्या तारखेला द्यावी. शंभर रुपये चालतील, पण न चुकता. एकदाच आलेले पाच हजार चांगलेच, मात्र त्यांच्या भरवशावर पुढच्या महिन्याची डाळ भरता येत नाही.

आणि एक स्पष्टच सांगतो. कपाट आवरताना निघालेला, पोरकिडे पडलेला रवा शिधाघरात ठेवणे हे दान नव्हे, ती घराची सफाई झाली. आपण नैवेद्याला जे धान्य वापरू तेच तिथे जावे. किती आले, किती गेले याची वही सर्वांसाठी उघडी असावी. नेणाऱ्याचे नाव तिच्यात नसावे, त्याचा फोटो तर मुळीच काढू नये. गोग्रास, काकबळी काढताना आपण कुठे फोटो काढतो?

घरात एखादा रिकामा डबा असेलच. तो देवघरात नको, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवा. धुवायला तांदूळ काढताना मूठ आपोआप आठवते. रविवारी आपल्यातला कोणीतरी येऊन तो रिकामा करून नेईल. आणि ज्या रविवारी कोणी आले नाही, त्या दिवशी तुम्हीच पिशवी उचलून निघा.