विसावा कोणाचा?

ऑक्टोबर सरता सरता वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी आटोपते, दिवाळीची सुटी लागते आणि कित्येक घरांत चिखलदऱ्याचे बेत आखले जातात. अकोला, परतवाडा मागे टाकून गाडी घाट चढू लागली, की सुमारे १,१०० मीटर उंचीवरचा गारवा, कॉफीच्या बागा आणि गाविलगडाचे बुरूज मनाचा शीण घालवतात.

दिवाळी सरली, की मेळघाटातील अनेक कोरकू कुटुंबे लेकराबाळांसह हाच डोंगर उतरतात. पावसाळी पिकानंतर गावात पुरेसे काम उरत नाही. ते सपाटीवरच्या शेतांत आणि बांधकामांवर शोधावे लागते. पुष्कळजण होळीलाच गावी परततात. आपण विसाव्यासाठी चढतो. ती पोटासाठी उतरतात.

मग सहलीला जाऊच नये काय? तसे नव्हे. आपण घरी बसल्याने कोणा मजुराची वाट सोपी होत नाही. विसावा घेणे हा दोष नाही. तो केवळ आपलाच मानणे हा दोष आहे. शब्बाथाच्या आज्ञेत घरधन्याबरोबर दास, दासी आणि बैलही विसावा घेतात.

म्हणून घराला कुलूप लावण्यापूर्वी स्वतःला विचारावे: सोंगणीची मजुरी चुकती झाली काय? धुणीभांडी करणाऱ्या मावशींना पगार न कापता सुटी दिली काय? गाडीचालकाच्या जेवणाची, झोपण्याची सोय पाहिली काय? एवढे झाले म्हणजे जगातील विषमता मिटली असे नव्हे. पण निदान आपला विसावा दुसऱ्याच्या घामावर उभा राहणार नाही.