जशी आहे तशी

सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीस जातात आणि दिल्लीच्या जुन्या डिझेल मोटारी अलीकडे आमच्या खानदेशात येतात. या देवघेवीत नुकसान कोणाचे, हा विचार करण्याचा प्रसंग माझ्यावर आला तो माझे अशील नाना यांच्या करारनाम्यामुळे. राजधानीच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहने चालवू नयेत, असा हरित लवादाने 2015 साली दिलेला हुकूम सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये उचलून धरला, तेव्हापासून तिकडच्या श्रीमंतांच्या मोटारी मातीमोल भावाने बाहेर सुटू लागल्या. तशीच एक मर्सिडीज एस-क्लास नानांनी आणली, ना-हरकत दाखल्यावर तिची नोंद एमएच-19 मध्ये करवून घेतली, आणि आता ती फैजपूरच्या एका तरुण बागाईतदारास विकावयाची म्हणून कागद करून घेण्यास ते माझ्याकडे आले. त्यांना एकच वाक्य पक्के हवे होते : गाडी जशी आहे तशी, पाहून-पारखून घेतली, मागाहून तक्रार चालणार नाही.

"नाना, जशी आहे तशी म्हणजे कशी?" मी विचारले.

नाना वकिलापासून काही लपविणारे गृहस्थ नव्हेत. या मोटारीस नेहमीच्या लोखंडी स्प्रिंगा नसतात. हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर तिचा सारा भार तोललेला असतो. वयाने आणि आमच्याकडच्या उन्हाने त्या रबरास बारीक भेगा पडल्या की हवा झिरपते, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली आढळते, आणि तिला उचलता उचलता हवेचा कॉम्प्रेसर अखेर जळून जातो. नानांनी कॉम्प्रेसर नवा घातला होता, फुगा जुनाच ठेवला होता. सबब नवा कॉम्प्रेसरही जुन्याच्याच वाटेने जाणार, हे उघड होते. दुसरा दोष याहून खोल होता. सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोबणीत ऑइल कूलर बसविलेला असतो. त्याचे रबरी सील उष्णतेने कडक होतात, तेल खोबणीत साचते, मागे वाहत जाते आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यापाशी ठिबकते, त्यामुळे पाहणाऱ्यास गळती भलत्याच ठिकाणची वाटते. सीलची किंमत क्षुल्लक. परंतु तिथवर हात पोहोचण्यासाठी टर्बो उतरवावा लागतो, मॅनिफोल्ड उतरवावे लागते, आणि बिल होते ते या उतरवण्या-चढवण्याचे. हा दोष कारखान्यापेक्षा वयाचा अधिक. पण मोटारीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही, हे घेणाऱ्याच्या ध्यानी येते ते पहिल्या बिलानंतर.

"तेल पुसून घेतलंय," नाना म्हणाले.

"मग त्या मुलाला हे सांगून टाका."

"मला दिल्लीवाल्यानं सांगितलं होतं?"

"त्याने केले म्हणून ते योग्य होत नाही."

"बरं. कुणीतरी पाऊण कोटी मोजून घेतलेली गाडी मी सात लाखांत देतोय. हा भाव त्या पोराला काहीच सांगत नाही? वकीलसाहेब, भावाइतकं खरं माणूस बोलत नाही."

या प्रश्नावर मी बराच अडखळलो. भाव एवढेच सांगतो की काहीतरी बिघडले आहे. काय बिघडले आहे ते सांगत नाही, असे मी म्हणालो, आणि नाना म्हणाले की काय ते शोधणे घेणाऱ्याचे काम. बागेवर करपा पडला तर ते व्यापाऱ्यास सांगावयास जात नाहीत, तो पान पाहतो आणि भाव पाडतो.

"पान दिसते, नाना. खोबणीतले सील दिसत नाही. आणि पान तुम्ही पुसून ठेवत नाही."

मग मी 1872 च्या करार कायद्याचे सतरावे कलम काढले. त्यातले उदाहरण घोड्याचे आहे : लिलावात सदोष घोडा विकणारा नुसता गप्प राहिला तर ते कपट नव्हे, परंतु घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. दोष जाणून-बुजून झाकणे मात्र कपटच.

"म्हणजे गप्प बसलो तर कायदा माझ्या बाजूचा," नाना म्हणाले. "आणि मुलीचं म्हणाल, तर तो पोरगा माझ्या मेहुण्याच्या भाऊबंदांतला आहे. इथं कोण कुणाचा लागत नाही? नात्यातल्या प्रत्येकाला दोष सांगत बसलो तर सावद्यात धंदा कुणाशी करायचा?"

"पण तेल पुसणे म्हणजे गप्प बसणे नव्हे."

"गाडी धुवून दाखवणं गुन्हा आहे?"

"धुणे निराळे, गळती पुसणे निराळे. हेतूत फरक आहे."

"फडकं एकच लागतं," नाना म्हणाले, आणि लगेच विषय माझ्यावरच उलटवला. "तुम्ही कोर्टात अशिलाची लंगडी बाजू न्यायाधीशांना सांगता का?"

"तिथे समोर दुसरा वकील असतो."

"त्यानंही मेकॅनिक आणावा. मी कुठं नको म्हणतो?"

यास माझ्यापाशी उत्तर नव्हते; आजही समाधानकारक नाही. दोन वकिलांसमोर कागद तेच असतात, आणि इथे इंजिनाचा इतिहास एकाच बाजूस ठाऊक आहे, असे मी नंतर मनाशी म्हटले. पण अशिलाने खाजगीत सांगितलेली हकीकतही एकाच वकिलास ठाऊक असते, हे आठवून ते तिथेच सोडून दिले.

करारनामा मी लिहून दिला. "जशी आहे तशी" हे शब्द त्यात आहेत, कारण ते बेकायदा नाहीत. त्यांच्याखाली ज्ञात दोषांसाठी दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत, आणि त्या भरणे न भरणे नानांच्या मर्जीवर आहे. खरेदीदाराशी मला बोलता येत नाही. वाचकाशी येते. अशी मोटार घ्यावयाची असेल, तर ती रात्रभर जिथे उभी होती तिथेच, सकाळी इंजिन सुरू होण्यापूर्वी जाऊन पाहावी, चारी कोपऱ्यांची उंची मोजावी, आणि सही करण्यापूर्वी दोन साक्षीदारांदेखत विकणाऱ्यास म्हणावे, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर गाडी निर्दोष आहे असे मी धरून चालतो." त्याच कलमाच्या तिसऱ्या उदाहरणाप्रमाणे, त्यानंतरचे मौन हे बोलणेच समजले जाते.