अर्क

कॅरिकेचरला मराठीत अर्कचित्र म्हणतात. ज्यानं हा शब्द काढला तो स्वतःच मोठा अर्क असला पाहिजे! ओव्याचा अर्क पोटदुखीवर घेतात. माणसाचा काढला तर पोटदुखी सुरू होते. ही विद्या मी घोडेगावला शाळेत असताना शिकलो आणि तिथंच सोडली.

त्याचं असं झालं. आमचे ड्रॉइंगचे गुरुजी जुन्नरहून एस्टीनं यायचे. फळ्यावर शिवनेरी काढता काढता त्यालाच चष्मा चढवून हेडमास्तर करायचे. मग आम्हीही जो दिसेल त्याचं नाक ओढायला लागलो. एकदा तास सुरू व्हायच्या आधी मी फळ्यावर आमचे शिपाईमामा काढले. त्यांचा एक पाय अधू होता, तो मी आणखी अधू केला. वर्ग खो-खो हसला. तेवढ्यात मामाच नोटिशीची वही घेऊन दारात. त्यांनी फळ्याकडं पाहिलं आणि वही टेबलावर ठेवून निघून गेले.

गुरुजी आले. "कोण हे?"

"शिपाईमामा."

"ह्यात मामा कुठायत? हा नुसता पाय आहे."

चित्र पुसून त्यांनी खडू उचलला. उंचावलेली मान, घड्याळाकडं लागलेले डोळे, टोल द्यायला आतुर झालेला हात. चार-पाच रेषा, पण मामाच! पाय काढलाच नव्हता. म्हणाले, "ज्याचं चित्र काढशील त्याला ते स्वतः नेऊन द्यायचं. देववत नसेल तर काढायचं नाही."

ह्या नियमावर मी पुढं पुष्कळ डोकं खाजवलं. तो पाळला तर राजकीय व्यंगचित्रकारांनी दुकानच बंद करावं. पण नारायणगावच्या फडात सोंगाड्या पाटलाची टोपी उडवतो, ती पाटील समोर बसलेला असतानाच. पाटलाला ते परवडतं. मामांना परवडलं नसतं. फरक बहुधा इथंच असावा.

शि. द. फडणीस (१९२५–२०२५) मात्र दोन्ही वाटांनी गेले नाहीत. 'मोहिनी'च्या मुखपृष्ठावर त्यांनी पोराच्या शर्टावर मांजरं काढली आणि पोरीच्या साडीवर उंदीर. ह्यात रागवायचं कुणी? मांजरानं? 'चित्रहास' ह्या कार्यक्रमात ते लोकांना रेषा कशी हसते ते काढून दाखवत. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकालाही त्यांनी हसायला लावलं. एवढ्या हसण्यात दात कुठं आहेत, असं कुणी म्हणेल. मीही तरुणपणी म्हणायचो. पण कुणाचाही पाय न धरता लोकांना हसवायचं म्हणजे काय, हे फळ्यासमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

त्या दिवशी गुरुजींनी मामांचं ते चित्र कागदावर उतरवून माझ्याच हाती दिलं. "जा, देऊन ये." मी घंटेपर्यंत गेलो. मामा घड्याळाकडं पाहत होते. शाळा सुटायला पाच मिनिटं होती.

तो कागद अजून माझ्याकडेच आहे.